लिंबूटिंबू देशांचं कोण ऐकतं? जैवविविधतेच्या वाटाघाटींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी या विषयावर अधूनमधून लिहित असते, आणि दर वेळी तेच सातआठ प्रश्न फिरून येतात, एमपीएससीवाल्या मुलांकडून, ऑफिसातल्या लोकांकडून, एकदा तर सख्ख्या मावशीकडून. प्रत्येकाला वेगळं टाइप करून बोटं दुखली म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतेय.

पहिलं म्हणजे, या वाटाघाटी कुठल्या?

मुख्य म्हणजे जैवविविधता करार, सीबीडी. १९९२ ला रिओत सह्या सुरू झाल्या, २९ डिसेंबर १९९३ ला लागू झाला, आज १९६ सदस्य आहेत. अमेरिकेने सही केली पण मान्यता आजतागायत दिलेली नाही, तरी त्यांची माणसं दर वेळी हजर असतात आणि मागून बरंच काही सुचवत असतात. या कराराची साधारण दर दोन वर्षांनी मोठी बैठक होते, तिला कॉप म्हणतात. त्याच्या पोटात दोन उपकरार आहेत, जनुक बदललेल्या सजीवांबद्दलचा कार्टाहेना आणि जैविक संपत्तीतून होणाऱ्या फायद्याच्या वाटणीचा नागोया. शिवाय बाहेर वेगळे संसार आहेतच, दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराचा साइट्स, देवमाशांसाठी व्हेलिंग कमिशन, आणि आता खोल समुद्राचा नवा करार. प्रत्येकाचे नियम वेगळे, आणि छोट्या देशांची सगळी गंमत या नियमांतच दडलीय.

जाता जाता, सीबीडीची पहिली कॉप १९९४ ला कुठे झाली माहितीये? बहामात, नासाऊला.

छोटा म्हणजे किती छोटा?

पलाऊ घ्या. पॅसिफिकमधला देश, लोकसंख्या १८ हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावात मावेल. नाऊरू तर २१ चौरस किलोमीटर, बोरिवलीच्या नॅशनल पार्कात चार वेळा बसवून वर जागा उरेल. मोनॅको जेमतेम २ चौरस किलोमीटर. कोस्टा रिका त्या मानाने ऐसपैस, पण महाराष्ट्राचे सहा तुकडे केले तर एका तुकड्याएवढाच. आणि नामिबिया नकाशावर महाराष्ट्राच्या अडीचपटीहून मोठा दिसतो पण माणसं ३० लाखांच्या घरात.

माझ्या मते मात्र खरं माप जमिनीचं नाहीच, बैठकीला किती माणसं पाठवता येतात ते बघायचं. श्रीमंत देश कॉपला डझनावारी माणसं घेऊन येतात, वकील वेगळे, शास्त्रज्ञ वेगळे, पैशांचा विषय बघणारे वेगळे. एखाद्या बेटाहून दोन माणसं येतात, तीही बहुतेक वेळा सचिवालयाने दिलेल्या तिकिटावर.

मग १८ हजार लोकांच्या देशाचं ऐकायचंच कशाला?

कारण सीबीडीत मतदानाने निर्णय होत नाहीत. १९९४ ला कामकाजाचे नियम ठरवताना नियम ४० चा पहिला परिच्छेद, म्हणजे महत्त्वाच्या विषयांवर मतदान कसं घ्यायचं तो भाग, त्यावर एकमतच झालं नाही. तो तेव्हापासून कंसात, म्हणजे मंजूर न होता, लटकतोय. मतदानाचा नियमच नाही म्हटल्यावर राहिला एकच मार्ग, सगळ्यांची संमती.

आपल्या सोसायटीच्या मीटिंगसारखं समजा. चाळीस फ्लॅट, लिफ्ट बदलायचीय, आणि ठराव सगळ्यांनी हो म्हटल्याशिवाय होणार नाही असा नियम. तळमजल्यावरचे काका, ज्यांना एरवी कोणी गेटवर हाक मारत नाही, त्यांना त्या दिवशी चहा मिळतो, बिस्किटंही मिळतात. पलाऊला किंवा कॅरिबियनमधल्या ग्रेनाडाला कॉपमध्ये चहा मिळतो तो असा.

म्हणजे कुठलाही एक देश सगळं अडवून ठेवू शकतो?

कागदावर हो. प्रत्यक्षात अडवणारा कोण आहे यावर ठरतं, आणि इथे मला सगळ्यात जास्त राग येतो.

१९९९ च्या फेब्रुवारीत कोलंबियातल्या कार्टाहेना शहरात त्या जनुक बदललेल्या सजीवांच्या कराराची शेवटची फेरी होती. धान्य निर्यात करणारे सहा देश, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, अर्जेंटिना, चिली, उरुग्वे, यांचा मायामी गट. बाकीचे शंभराहून जास्त देश एकीकडे आणि हे सहा दुसरीकडे. बैठक फिसकटली, सगळे हात हलवत घरी.

आता २०२२ ची मॉन्ट्रियलची कॉप १५ बघा. १९ डिसेंबर, तिथे पहाटेचे साडेतीन, आपल्याकडे सोमवारी दुपारचे दोन. मी ऑफिसात डबा उघडून एका कानात इअरफोन घालून लाइव्ह ऐकत होते. काँगोचा (दोन काँगोंपैकी किन्शासा राजधानी असलेल्या मोठ्या काँगोचा) प्रतिनिधी म्हणाला की पैशांच्या मुद्द्यावर आमचा या मसुद्याला पाठिंबा नाही. अध्यक्ष चीनचे हुआंग रुनछिउ. त्यांनी ऐकून घेतलं आणि थोड्याच वेळात हातोडी आपटली, करार मंजूर! टाळ्या. कॅमेरून आणि युगांडाने लगेच आक्षेप घेतला. कायद्याच्या भाषेत काँगोने 'आमचा औपचारिक विरोध आहे' हे शब्द वापरले नाहीत असं नंतर सांगितलं गेलं, आणि पुढे काँगोशी समेटही झाला, पण माझ्या हातातली पोळी हातातच राहिली होती. काँगो काही छोटा देश नाही, पण टेबलावर वजन कमी असलं की काय होतं ते त्या दोन मिनिटांत दिसलं. सहा धान्यवाल्यांनी अडवलं तेव्हा वर्षभर थांबलेच ना सगळे?

ते रंगीत चेंडूंचं काय प्रकरण आहे?

हे कार्टाहेनाचंच शेपूट, आणि माझं आवडतं. बैठक फिसकटल्यावर अध्यक्ष होते कोलंबियाचे पर्यावरणमंत्री हुआन मायर. त्यांनी सप्टेंबर १९९९ मध्ये व्हिएन्नात सगळ्यांना परत बोलावलं आणि बसायची पद्धतच बदलली. सगळे देश पाच गटांत, एकाच टेबलाभोवती, प्रत्येक गटाचे मोजकेच बोलणारे. आणि आधी कोणी बोलायचं? मायर यांनी पिशवीत रंगीत चेंडू आणले होते, प्रत्येक गटाने हात घालून एक काढायचा, त्यावरून क्रम. पुढे मॉन्ट्रियलच्या फेरीत चेंडूंच्या जागी टेडी बेअर आले. मोठमोठे राजदूत टेडी हातात घेऊन बसलेले डोळ्यासमोर आणा जरा.

पोरखेळ वाटेल, पण यात एक गोष्ट झाली, अमेरिका-कॅनडाच्या गटाला जितका वेळ तितकाच विकसनशील देशांच्या गटाला. त्या गटाकडून बोलायचे इथिओपियाचे तेवोल्दे बर्हान गेब्रे एग्झिअबहेर, मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ, पण मसुद्यातला एकही शब्द नजरेतून सुटायचा नाही. मधल्या बाजूला स्वित्झर्लंड, नॉर्वे वगैरेंचा तडजोड गट. २९ जानेवारी २००० ला करार झाला. भारतही तेवोल्देंच्याच गटात होता बरं का.

ब्रॅकेट ब्रॅकेट म्हणतात ते काय असतं?

मसुद्यात ज्या शब्दावर एकमत नाही तो चौकोनी कंसात टाकतात. उदाहरणादाखल मीच एक वाक्य बनवते:

'विकसित देशांनी [पुरेसा] [नवा आणि अतिरिक्त] निधी [द्यावा] [द्यावाच लागेल] [द्यायचा विचार करावा].'

एका वाक्यात पाच पाचरी. कंस टाकायला ताकद लागत नाही, हात वर करून 'हा शब्द कंसात ठेवा' एवढंच म्हणायचं असतं, आणि मग तो कंस काढायला समोरच्याला तुमच्याकडे यावं लागतं, कॉफी घेऊन. छोट्या देशाचा अनुभवी माणूस उगाच दहा ठिकाणी कंस टाकत नाही, त्याला पाहिजे त्या दोन ओळींसाठी एक नेमका कंस टाकतो आणि शेवटच्या रात्रीपर्यंत धरून बसतो. अडचण एवढीच की एकाच वेळी तीनचार खोल्यांत वेगवेगळे विषय चालू असतात. ज्या खोलीत तुमचा माणूस नाही तिथे तुमचा कंस कोणीतरी अलगद उचलून टाकतं, नि सकाळी तुम्ही शोधत बसता.

दोन माणसांत मग हे सांभाळतात कसं?

दोन युक्त्या. एक, टोळी करायची. पॅसिफिक बेटं आपसात खोल्या वाटून घेतात, तू निधीचा विषय बघ, मी समुद्राचा बघतो, रात्री जेवताना एकमेकांना सांगू. आफ्रिका गट तर एका आवाजात बोलतो, त्यामुळे ५० पेक्षा जास्त देशांचं वजन एका माइकमागे येतं.

दुसरी युक्ती म्हणजे माणूस बदलायचा नाही. मोठ्या देशांत अधिकाऱ्यांच्या बदल्या होतात, नवा माणूस येतो, त्याला मागच्या फाइली वाचण्यातच वर्ष जातं (आपल्याकडे वेगळं सांगायला नको). नामिबियाचे पियर दु प्लेसी नागोया कराराच्या काळापासून आफ्रिका गटाच्या वतीने एकाच विषयाचा पिच्छा पुरवत आलेत, तो म्हणजे फायद्याची वाटणी. पूर्वी कंपनी येऊन झाड घेऊन जायची, आता जनुकांचा क्रम डेटाबेसवरून डाउनलोड करते, झाडाला हात लावायचीही गरज नाही. मग ज्या देशाचं झाड त्याला काय? आफ्रिका गट म्हणत राहिला की एक सामाईक जागतिक व्यवस्था करा, जो या माहितीवर पैसे कमावतो त्याने वाटा द्यावा. सुरुवातीला फारसं कोणी मनावर घेतलं नाही. शेवटी २०२४ ला कोलंबियातल्या कालीच्या कॉपमध्ये ठरलं आणि फेब्रुवारी २०२५ ला रोममध्ये काली फंड सुरू झाला. मोठ्या कंपन्यांनी नफ्याचा १ टक्का किंवा उलाढालीचा ०.१ टक्का द्यावा असं सुचवलंय, निम्मा तरी पैसा आदिवासी आणि स्थानिक समाजांकडे जावा असंही. 'द्यावा' आहे, 'द्यावाच लागेल' नाही, त्यामुळे फार हुरळून जाऊ नका.

आणि त्याच कालीला शेवट कसा झाला? बैठक ठरलेल्या दिवसापलीकडे लांबली, रात्र उलटून सकाळ झाली, परतीची विमानं पकडायला लोक निघून गेले, गणसंख्याच उरली नाही, निधीचा विषय तसाच टाकून सभा थांबवावी लागली. म्हणून ते रोम. तिकीट बदलायला पैसे लागतात हो, आणि ते सगळ्यांकडे सारखे नसतात.

अध्यक्षपद मिळालं की फायदा होतो का?

होतो, पण सरळसरळ आपलं घोडं पुढे दामटून नाही, तसं केलं तर खुर्ची जाते. मसुदा आधी कोण लिहितं, कोणाला कुठल्या खोलीत एकत्र बसवतं, थांबायचं कधी, हे अध्यक्षाच्या हातात असतं. मोठे देश एकमेकांना ती खुर्ची देत नाहीत, म्हणून ती अनेकदा लहानाकडे येते. ग्रेनाडाचे स्पेन्सर थॉमस सीबीडीच्या शास्त्रीय समितीचे अध्यक्ष होते, २०१० च्या नागोया कॉपच्या आधीची तयारी त्यांच्या समितीत झाली.

या कामात सिंगापूरचा हात धरणारा नाही. १९८२ चा समुद्र कायदा करार पार पाडताना परिषदेचे अध्यक्ष सिंगापूरचे टॉमी कोह होते, आणि चाळीस वर्षांनी खोल समुद्रातल्या जैवविविधतेचा करार झाला तेव्हा रेना ली, त्याही सिंगापूरच्याच. ४ मार्च २०२३, न्यूयॉर्क, शेवटची बैठक ठरल्या वेळेच्या पुढे रात्रभर आणि दुसरा दिवसभर चाललेली, आणि मग लीबाई माइकवर म्हणाल्या, जहाज किनाऱ्याला लागलं. ते ऐकताना मला भरून आलं होतं, उगाच खोटं कशाला बोलू.

३० टक्के निसर्ग वाचवायचा हे खूळ कोणाचं?

खूळ म्हणू नका, पण प्रश्न चांगलाय. २०२२ च्या करारातलं तिसरं लक्ष्य, २०३० पर्यंत ३० टक्के जमीन आणि ३० टक्के समुद्र संरक्षित, याचं श्रेय बातम्यांमध्ये कोस्टा रिका आणि फ्रान्सला जातं. त्यांनी जानेवारी २०२१ मध्ये महत्त्वाकांक्षी देशांची आघाडी जाहीर केली, कॉप १५ पर्यंत शंभरावर देश जमवले, २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये भारतही आत गेला. कोस्टा रिकाला हे बोलायचा अधिकार होता, कारण तोडलेलं जंगल त्यांनी परत वाढवून दाखवलंय, आज निम्म्याहून जास्त देश जंगलाखाली आहे, शेतकऱ्याला जंगल राखण्याचे पैसे देण्याची योजना नव्वदच्या दशकापासून चालू आहे.

पण त्याच्या कितीतरी आधी, २००६ ला ब्राझीलच्या कुरितिबा कॉपमध्ये पलाऊचे राष्ट्राध्यक्ष टॉमी रेमेंगेसाऊ यांनी मायक्रोनेशिया चॅलेंज मांडलं होतं. पलाऊ, मायक्रोनेशिया, मार्शल बेटं, ग्वाम, नॉर्दर्न मारियाना, या सगळ्यांनी २०२० पर्यंत किनाऱ्याजवळचा ३० टक्के समुद्र आणि २० टक्के जंगल राखायचं. तेव्हा जगाचं स्वतःचं समुद्राचं लक्ष्य १० टक्के होतं, आणि त्याच्याही जवळपास कोणी नव्हतं. पलाऊने पुढे २०२० पासून आपल्या समुद्राच्या ८० टक्के भागात मासेमारी बंद केली, जवळपास ५ लाख चौरस किलोमीटर, अख्ख्या महाराष्ट्राहून मोठं पाणी. पोट मासळीवर असताना हे करणं सोपं नाही, तिथेही त्यावरून वाद आहेतच.

लवकर मान्यता देऊन काय मिळतं? सही तर सगळेच करतात.

सही वेगळी आणि मान्यता वेगळी! करार लागू व्हायला ठरावीक देशांची मान्यता लागते. कार्टाहेनाला ५० हव्या होत्या आणि पन्नासावा कोण? पलाऊ. त्यांचा कागद जून २००३ मध्ये पोचला आणि ११ सप्टेंबरला जगभर करार लागू. खोल समुद्राच्या करारात ६० हव्या होत्या, तिथे पहिलाच नंबर पलाऊचा, जानेवारी २०२४. पुढच्या रांगेत सेशेल्स, मोनॅको, बेलीझ अशी मंडळी. सप्टेंबर २०२५ ला साठ पूर्ण, १७ जानेवारी २०२६ पासून लागू. छोट्या देशात संसद लहान, निर्णय पटकन होतो, आणि करार लागू झाल्यावर पहिल्या बैठकीत नियम ठरवायला बसतात ते हेच लोक.

छोटे देश नेहमी निसर्गाच्याच बाजूने असतात ना?

अजिबात नाही. 'मूर्ती लहान पण कीर्ती महान' छापाचे लेख वाचून हा समज होतो.

देवमाशांचं बघा. १९७९ ला सेशेल्स व्हेलिंग कमिशनमध्ये आला आणि आल्या आल्या हिंदी महासागर देवमाशांसाठी अभयारण्य करून घेतला. १९८२ ला व्यापारी शिकारीवर बंदीचा ठराव, तोही सेशेल्सचाच, २५ विरुद्ध ७ मतांनी पास. आता त्याच कमिशनमध्ये २००६ ला, कॅरिबियनमधल्या सेंट किट्स बेटावरच भरलेल्या बैठकीत, ही बंदी आता गरजेची नाही असं म्हणणारा ठराव ३३ विरुद्ध ३२ ने झाला आणि जपानच्या बाजूच्या मतांत कॅरिबियन आणि पॅसिफिकमधली बरीच छोटी बेटं होती. डॉमिनिकाचे मंत्री आथर्टन मार्टिन यांनी तर २००० सालीच राजीनामा दिला होता, जपानची मदत आणि आपलं मत यांची सांगड घातली जातेय असा त्यांचा जाहीर आरोप होता. जपान सरकारने असा सौदा असल्याचं नाकारलं. एक देश एक मत असलं की मताला भाव येतो, हे ग्रामपंचायत पाहिलेल्या माणसाला काय सांगायचं. पण डॉमिनिकाने २००८ पासून ती बाजू सोडली आणि २०२३ ला स्पर्म व्हेलसाठी राखीव समुद्र जाहीर केला, हेही तितकंच खरं.

आणि नाऊरू. इथे कथा माल्टापासून सुरू होते. १ नोव्हेंबर १९६७, माल्टा स्वतंत्र होऊन तीन वर्षं झालेली, त्यांचे राजदूत आर्विद पार्दो संयुक्त राष्ट्रांत समुद्रतळावर बोलायला उभे राहिले ते सकाळच्या बैठकीत सुरू करून दुपारच्या बैठकीतही बोलतच होते. मुद्दा एकच, खोल समुद्राचा तळ कुणा एकाचा नाही, तो मानवजातीचा सामाईक वारसा. यातूनच पुढे जमैकात किंग्स्टनला आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरण आलं. आता त्याच प्राधिकरणाच्या नियमांत एक कलम आहे, एखाद्या देशाने खाणकाम करायचंय असं कळवलं की दोन वर्षांत नियम पूर्ण करायचे. जून २०२१ मध्ये नाऊरूने एका परदेशी कंपनीच्या स्थानिक शाखेसाठी हे कलम ओढलं, आणि सगळं जग धावपळीला लागलं. तळावर बटाट्याएवढे धातूचे गोळे आहेत, ते काढायचे. पुढच्याच वर्षी पलाऊ आणि फिजीने उलट आघाडी काढली, खाणकाम थांबवा म्हणून. दोन्हीकडे बेटंच!

नाऊरूला मात्र पटकन खलनायक करू नका. फॉस्फेटसाठी परक्यांनी त्यांचं बेट खणून खणून त्याचा सांगाडा करून ठेवला, त्यासाठी ते ऑस्ट्रेलियाविरुद्ध आंतरराष्ट्रीय न्यायालयातही गेले होते. शेती नाही, पाणी नाही. मला त्यांचा निर्णय पटत नाही, पण त्यांच्या जागी बसून बोलणंही जमत नाही.

जिथे मतदान होतं तिथे छोटे हरतात का?

साइट्समध्ये मतदान होतं, दोन तृतीयांश लागतात. २०१० ला दोह्यात मोनॅकोने ब्लूफिन टूना माशाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी मागितली. मतदानाच्या आदल्या संध्याकाळी जपानी दूतावासात पाहुण्यांना मेजवानी होती, ताटात तोच टूना. दुसऱ्या दिवशी २० बाजूने, ६८ विरोधात, ३० तटस्थ. सपशेल. पण २०१६ ला जोहान्सबर्गला मालदीव सिल्की शार्कचा, श्रीलंका थ्रेशर शार्कचा आणि फिजी डेव्हिल रेचा प्रस्ताव घेऊन आले, तिन्ही पास झाले. फरक तयारीचा होता, मालदीवने आपल्याकडे शार्कची मासेमारी २०१० लाच बंद केली होती.

आपला काय संबंध? महाराष्ट्र-गोवा कुठे येतात यात?

भारत यात मोठ्यांतच मोजला जातो, २०१२ ची कॉप ११ हैदराबादला झाली होती. पण समुद्रतळाचे ते धातूचे गोळे आठवतायत ना? १९८१ ला गोव्याच्या दोना पावलातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या 'गवेषणी' जहाजाने ते वर काढले होते आणि त्यामुळे भारत या शर्यतीत फार लवकर उतरला. म्हणजे पलाऊ थांबवा म्हणतो तेव्हा ते आपल्यालाही म्हणतोय. आणि फायद्याच्या वाटणीचा राग आपल्याला का कळतो, तर हळद. जखमेवर हळद लावायचं पेटंट अमेरिकेत दिलं गेलं होतं, ते १९९७ ला रद्द करून घेतलं, त्या लढाईत पुढे होते गोव्यातल्या माशेलचे रघुनाथ माशेलकर. भारताकडे प्रयोगशाळा होत्या, वकील होते, जुने ग्रंथ होते. नामिबियाला ते प्रत्येक झाडासाठी करणं परवडणार नाही, म्हणून ते सामाईक फंडासाठी भांडले.

पुढची कॉप कुठे?

ऑक्टोबर २०२६, येरेवान, आर्मेनिया. लोकसंख्या ३० लाख, क्षेत्रफळ कोस्टा रिकापेक्षाही कमी. यजमानपदासाठी अझरबैजानही उभा होता आणि दोघांत काही केल्या एकमत होईना, त्यामुळे कालीत चक्क मतदान घ्यावं लागलं, सीबीडीत असं क्वचितच होतं. येरेवान आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे, म्हणजे या वेळी लाइव्ह बघायला डब्याची सुट्टी पुरणार नाही, शेवटच्या रात्री जागावंच लागेल.